कोऱ्या बाटलीचा आकडा

१४ जानेवारी

चि. बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच कुठेतरी कपाटावर टाकणार, हे मी धरून चालले आहे. म्हणून हे पत्र वहिनीलाही आहे. वहिनी, हा दुपारी आडवा झाला की फोड.

पत्ता तुझ्या मेहुण्याकडून मिळवला. त्याने दोनदा विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, "पत्र लिहायचंय." तो म्हणाला, "अहो, फोन नंबरच देतो की." मी नको म्हटलं. फोनवर तू नुसता "हं" म्हणालास तर पुढे मी काय बोलणार? कागद निदान मधेच खाली ठेवून देत नाही.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलेच झालेत. राहते त्याच दोन खोल्यांत. आईची खोली ती होती तशीच आहे, म्हणजे माया वगैरे काही नाही, आवरायचा कंटाळा. तिचा चष्मा अजून खिडकीत आहे. एकटीचं जेवण म्हणजे एक पातेलं आणि एक ताट, पाच मिनिटांत घासून होतं. मग मी नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवते. पाणी तपासणाऱ्या बाईने पाणी वाया घालवू नये, कबूल. पण घरात तेवढाच आवाज असतो.

मेअखेरीस निवृत्त होते आहे. चौतीस वर्षं लोकांचं पाणी तपासलं. त्याचा परिणाम असा की कुणाकडे गेले की पेला पुढे करताना घरच्या बाईचा चेहरा पडतो. "उकळून गाळून घेतलंय हं," असं एकीने मला दारातच सांगितलं. मी काय पर्समधून परीक्षानळी काढणार होते? हल्ली तसं कुणी बोलावतही नाही.

आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाते आहे. जुनी कोठी रिकामी करताना एक वस्तू सापडली. खरं म्हणजे तिच्याबद्दलच लिहायला बसले होते. चार कागद फाडले. हा पाचवा, आणि यातही ते येईलसं दिसत नाही.

चिमणी कशी आहे? सतरा पूर्ण झाली ना?

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ परवा म्हणाले, "कुणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, "वीजबिलाची." ते हसले. वीजबिलाची वाट बघणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

आता ती वस्तू. आमच्याकडे शुद्ध पाणी करायचं जुनं यंत्र होतं. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, टपकेल ते तांब्याच्या टाकीत साठवायचं. त्या पाण्यात काही म्हणजे काही नसतं, असं आम्ही समजतो. बाटल्या त्यानेच विसळतो, आम्ल त्यातच कालवतो. ती टाकी कोठीत अडगळीला पडली होती. भंगारात द्यायला बाहेर काढली. आमच्याकडे बदलून आलेली एक केमिस्ट आहे, चाळिशीची, तोंडाने फटकळ. ती वाकून आत बघायला लागली आणि म्हणाली, "मॅडम, हा डाग कुणी दिला हो? हे शिसं आहे."

टाकीच्या तळाच्या जोडावर आतून बोटभर राखाडी पट्टा होता. टाकी गळत होती म्हणून नळवाल्याने शिसं वितळवून झाळून दिली होती. तिने टाकी स्वच्छ पाण्याने भरून दोन दिवस ठेवली आणि ते पाणी यंत्रावर लावलं. लिटरमागे चौदाशे मायक्रोग्रॅम शिसं. पिण्याच्या पाण्याला चालतं दहा.

दुरुस्तीची वही काढली. टाकीला डाग दिला नऊ सप्टेंबरला. बारा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. तुझ्या झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठी मी भरल्या अकराला. ऑक्टोबरात काचेचं नवं यंत्र आलं आणि ही टाकी फरशी पुसायच्या पाण्यासाठी गेली. मधल्या तीन आठवड्यांत शिशासाठी एकच पाणी तपासलं गेलं. तुझं.

त्यात निघालेला शिशाचा अडतीस हा आकडा तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. त्या अडतीसवर तू चाळीस घरांचा नळ स्वतःच्या हाताने बंद केलास, पाइपही तूच टाकलेला असताना. आणि त्याच अडतीसवर डॉक्टर म्हणाले होते, "मग पोरीचं हेच कारण असणार." चिमणी तेव्हा पाच वर्षांची, सगळे मिळून आठ-दहा शब्द बोलायची. दोन महिन्यांनी तिचं रक्त तपासलं, त्यात फारसं काही मिळालं नाही, तर म्हणाले, "तोवर ते हाडांत गेलं असेल." तू दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणालास, "माझ्या हातानं पाजलं मी तिला." मी तुझ्यामागे दोन पायऱ्या वर उभी होते. मला वाटतं, तुला ते माहीतच नसेल.

बारक्या, झऱ्यात शिसं नव्हतं असं दिसतंय. ते आमच्या टाकीतून आम्लात आणि बाटल्यांत आलं होतं.

"दिसतंय" लिहिलं, कारण अजून झरा पुन्हा तपासलेला नाही. तो तपासून कळवते. नळवाल्याचा काही दोष नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आणि मलाही त्या वेळी कळायला काही मार्ग नव्हता.

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

झऱ्यावर जाऊन आले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

केमिस्ट बाई बरोबर होती आणि एक गवंडी. सिमेंटचं झाकण फोडायला त्याला तास लागला. "बाई, हे इतकं घट्ट कुणी बसवलं?" असं तो दर दोन घावांनी विचारत होता. "पिण्यास अयोग्य" ही पाटी अजून तिथेच आहे, तांबडा रंग उडून गुलाबी झालाय. लांबून एखाद्या दुकानाची वाटते.

घण ऐकून खालच्या घरातल्या शिंपीणकाकू वर आल्या. आता पार वाकल्यात, पण जीभ सरळच आहे. मला बघून म्हणाल्या, "आता काय राहिलंय अजून बंद करायचं?" मी म्हटलं, "उघडायला आलेय." त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग मी त्यांना टाकीचं सगळं सांगितलं. गवंडी घण खाली ठेवून ऐकत होता.

काकूंनी झाकणाच्या फुटक्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला मी हेच पाणी द्यायचे."

मला कळेना. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती ना, तुम्ही गाव सोडलंत त्यानंतर. झाकणाच्या बाजूने थोडं पाणी झिरपून खालच्या चरात पडायचं. काकू ते कळशीत धरून ठेवायच्या आणि आई दर दोन दिवसांनी "शिवायला टाकलंय" म्हणून त्यांच्याकडे जायची. सहा वर्षं! आणि मी म्हणायचे, म्हातारीला या वयात एवढे कपडे कशाला लागतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली ती, शेवटपर्यंत वर्तमानपत्र वाचत. तिला दोन-तीनदा मी ऐकवलं होतं, "आई, शिशाचं पाणी पीत होतीस तू जन्मभर." ती नुसतं म्हणायची, "असेल बाई, तुझं शिक्षण मोठं."

नमुने घेतले. झाकणाखालचे, पाइपाच्या तोंडाचे, चरातले, तीन वेगवेगळ्या दिवशी. बाटल्या नव्या, आम्ल नवं, सगळं केमिस्ट बाईने केलं. मी कशालाच हात लावला नाही, लांब दगडावर बसून राहिले. आकडे आले: दीड, दोन, एकपेक्षा कमी, दीड. कुठेही तीनच्या वर नाही.

खडक तोच, झरा तोच. बारा वर्षांत शिसं आपणहून निघून जात नाही. तेव्हाही ते एवढंच असणार.

आमच्या साहेबांना कागद दाखवले. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "तीन महिने राहिलेत तुमचे," ते म्हणाले. "त्या वस्तीला आता दुसरं पाणी आहे. कुणाचं काही अडलेलं नाही. हे आता कशाला उकरायचं?" मी म्हटलं, "साहेब, एका माणसाचं अडलंय." ते म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ." यावर त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

दुरुस्तीचा अहवाल मी लिहायला घेतला आहे.

चिमणीला हे सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

ताई


२१ मार्च

बारक्या,

वहिनीचं पत्र आलं. तुला दाखवून टाकलंय की न दाखवता, ते तिने लिहिलेलं नाही. आठ ओळी आहेत. मी त्या जिन्यातच उभ्याने वाचल्या आणि वर येऊन पुन्हा वाचल्या.

ती लिहिते, माझं दुसरं पत्र वाचून तू बाहेर गेलास आणि दिवेलागणीला आलास. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणालास, "बारा वर्षं मी स्वतःला शिव्या दिल्या. आता कुणाला देऊ?" तिने लिहिलंय, "ताई, तुम्हाला वाटत असेल यांना हलकं वाटेल. तसं नाही झालं. पोरीला असं का झालं याचं एक उत्तर होतं घरात, वाईट का होईना. ते पण गेलं." पुढे लिहिलंय, तू मला एकच प्रश्न विचारायला सांगितला आहेस: कोऱ्या बाटलीचा आकडा काय आला होता?

तू ती बाटली विसरला नाहीस तर.

त्या दिवशी बाटल्यांची पेटी तूच वर वाहून नेली होतीस. चारांत झऱ्याचं पाणी भरलं आणि पाचवी बाहेरून मागवलेलं सीलबंद शुद्ध पाणी भरलेली तशीच परत आणली. तू म्हणालास, "ही नुसती फिरायला आणलीस होय?" मी तुला समजावलं होतं: ही कोरी बाटली. हिच्यात काही निघायला नको. निघालं, तर खोट पाण्यात नाही, आपल्यात आहे. मग सगळे नमुने फेकून पहिल्यापासून सुरुवात. तू म्हणालास, "म्हणजे चोर ओळखायला घरचाच एक माणूस रांगेत उभा करायचा." मी हे वाक्य पुढे किती जणांना शिकवताना वापरलं, तुला माहीत नाही.

आकडा एकतीस होता.

झऱ्याच्या बाटल्यांत अडतीस, कोऱ्या बाटलीत एकतीस. कुणीही वजाबाकी केली असती.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की मला कळायला मार्ग नव्हता. ते खोटं होतं. मार्ग समोर होता. मी तो आकडा वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला आणि अहवालात घातला नाही.

का, ते आता सांगते. दोन कारणं आहेत. पहिलं मी स्वतःला नेहमी सांगत आले आहे. त्या वेळच्या साहेबांनी मला आधीच विचारलं होतं, "झरा तुमच्या भावाचा ना? मग तपासणी दुसऱ्या कुणाकडे देऊ का?" मला ते फार लागलं. मी म्हटलं, "मी माझं काम चोख करते." आणि मग आकडा आला अडतीस. तो फेकून पुन्हा सुरुवात केली असती तर सगळे म्हणाले असते, बघा, भावाला हवं ते उत्तर येईपर्यंत बाई तपासत बसल्यात. म्हणून मी पुन्हा तपासलं नाही. दुसऱ्या कुणाचं पाणी असतं, अगदी अनोळखी माणसाचं, तर त्याच दिवशी सगळं फेकून दिलं असतं. तू दारात येऊन म्हणालास, "ताई, एकदा फक्त पुन्हा बघ ना." मी म्हणाले, "यंत्राला भाऊ-बहीण कळत नाही." आणि मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

दुसरं कारण मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

यंत्राची सुई अडतीसवर गेली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, बारक्या.

घर तुझ्याकडे, झरा तुझ्याकडे, आई तुझ्याकडे. येणारेजाणारे म्हणायचे, काय पाणी आहे हो बारक्याचं! मी रविवारी यायचे आणि आई मला बसायला खुर्ची द्यायची. मला. स्वतःच्या घरात. खुर्ची पाहुण्याला देतात. तुला ती कधी देत नसे, तू आपला खाली ऐसपैस बसायचास. तुझी काहीच चूक नव्हती, तू तर मलाच आधी वाढायला सांगायचास. पण ती खुर्ची माझ्या मनात होती. अडतीस वाचलं आणि कुठेतरी आत वाटलं, घ्या, तुमच्या लाडक्या झऱ्याचं हे असं आहे.

मग लगेच लाज वाटली. पण लाज वाटायच्या आधी ते वाटलं होतं, आणि पेन्सिल त्या दोघांच्या मधे कुठेतरी उचलली गेली.

याच आकड्यावरून डॉक्टर चिमणीचं कारण ठरवतील, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. हे सांगून मी काही कमी करत नाही आहे. नव्हतं, एवढंच.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. विचारलं नसतंस तर, मला वाटतं, मी टाकीच्याच गोष्टीवर थांबले असते.

ताई


३० एप्रिल

बारक्या,

माझ्या मागच्या पत्रावर तुझ्याकडून किंवा वहिनीकडून काही आलं नाही. येऊ नये हेच बरोबर आहे.

दुरुस्तीचा अहवाल गेला. त्यात मी कोऱ्या बाटलीचा एकतीस आणि पेन्सिलीच्या पानाची प्रत दोन्ही जोडलं. साहेबांनी बोलावून घेतलं. "टाकीवर भागलं असतं की हो," ते म्हणाले. "हे पान लावायची काय गरज होती?" मी म्हटलं, "टाकी बोलू शकत नाही, म्हणून तिच्यावर सगळं ढकलायचं का?" ते म्हणाले, "बाई, आता चौकशी लागेल." लागली. दोन माणसं आली, सभ्य होती. त्यांनी मला तीन तास तेच तेच विचारलं आणि मी तीन तास तेच तेच सांगितलं. शेवटी त्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले, "आतापर्यंत कुणी असं आपणहून सांगायला आलेलं आठवत नाही." ही स्तुती होती की दुसरं काही, मला कळलं नाही.

प्रयोगशाळेत आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. निरोपाचा कार्यक्रम होणार होता, त्याची वर्गणीची यादी भिंतीवरून गुपचूप निघाली. मी चहाच्या खोलीत गेले की बोलणं खाली बसतं, गाळ तळाशी बसावा तसं. केमिस्ट बाई तेवढी समोर येऊन बसते. काल ती म्हणाली, "मॅडम, मला तुमचा खूप राग आलाय. पण डबा एकटीने खाऊ नका." आणि आपला डबा उघडून माझ्यासमोर ठेवला.

वस्तीत सूचना लागली. झऱ्याचं पाणी पिण्यास योग्य आहे, पूर्वीचा अहवाल प्रयोगशाळेच्या चुकीमुळे सदोष होता. ही दोन वाक्यं मी लिहिली तेव्हा "प्रयोगशाळेच्या" ऐवजी "माझ्या" लिहिलं होतं. त्यांनी ते बदललं.

चाळीसपैकी सहा-सात घरं पाणी न्यायला लागलीत. बाकीचे म्हणतात, एकदा वाईट म्हणाला होतात, आता चांगलं म्हणताय, उद्या काय म्हणाल?

झाकणाच्या जागी आता नुसती जाळी आहे. गवंड्याने ती बसवली आणि जाताना ओंजळभर पिऊन गेला.

ताई


११ जून

बारक्या,

आता निवृत्त आहे. पहिला आठवडा मी सकाळी सवयीने आवरून तयार व्हायचे आणि मग पर्स खांद्याला लावून खोलीच्या मध्यभागी उभी राहायचे. आता पर्स कपाटात ठेवली आहे.

काल शिंपीणकाकू आल्या. या वयात जिना चढून आल्या म्हणजे काहीतरी असणार, हे मी ओळखलं. बसल्या, पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "रविवारी तुझा भाऊ येऊन गेला."

मी विचारलं, "कुठे?"

"झऱ्यावर. पोरगी होती बरोबर. उंच झालीय गं."

मग त्यांनी सगळं सांगितलं आणि मी मधे मधे प्रश्न विचारून त्यांना पार दमवलं. तू आधी पाइपाच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेलास. खालचा जोड ठिबकत होता. काकूंकडे पाना मागितलास, त्यांच्याकडे पाना कुठला असायला, मग शेजारच्यांकडून आणून तो जोड आवळलास. नंतर जाळीपाशी बसलास. चिमणीने ओंजळीने पाणी प्यायलं, दोनदा. तू नुसता बघत होतास. काकू म्हणतात, बराच वेळ. मग तूही प्यायलास आणि तोंड न पुसता तसाच बसून राहिलास.

काकू चिमणीशी बोलल्या. "सावकाश बोलते," म्हणाल्या, "पण वाक्य पुरं करते. मधे कुणी शब्द सुचवलेला तिला खपत नाही, हात वर करून थांबवते." हे ऐकून मी किती वेळ हसत होते, ते काकूंनाच विचार. तिने काकूंना विचारलं म्हणे, "माझी आत्या कशी दिसते?" काकू म्हणाल्या, "कपाळ तुझंच आहे." मग तिने काकूंच्या खिडकीच्या काचेत आपलं कपाळ बघितलं.

काकूंनी तुला विचारलं, "ताईकडे जाणार ना? घरीच असते ती आता." तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, "पाचची गाडी आहे."

तेव्हा सव्वातीन वाजले होते. काकूंनी ते मला तीनदा सांगितलं. मग त्यांना वाटलं आपण उगाच बोललो, म्हणून म्हणाल्या, "पोरीला पुढे कुठे न्यायचं असेल." असेल.

बारक्या, मी तक्रार करत नाही. तू आलास, पाणी प्यायलास, तिला पाजलंस, एवढं होईल असं मला जानेवारीत वाटलं नव्हतं. तू माझ्या दारात आला असतास तर मी तरी काय केलं असतं? तुला खुर्ची दिली असती बहुतेक.

गाडीतळावर जायचा रस्ता माझ्या गल्लीच्या तोंडावरूनच जातो, दुसरा नाही. म्हणजे तुम्ही दोघं तिथून गेलात. ती कोणत्या बाजूने चालत होती? वर बघितलं का तिने? हे तू मला कळवणार नाहीस, माहीत आहे, तरी विचारते.

पाचच्या गाडीचा भोंगा माझ्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतो. रविवारीही ऐकला असणार. मी तेव्हा घरीच होते, दोरीवरचे कपडे काढत होते.

ताई